ज्या पेटीसाठी मागे वळावे लागणार नाही



२१ जुलै २०२१ ची रात्र आमच्या महाडात कोणी विसरलेले नाही. एका बाजूला सावित्री, दुसऱ्या बाजूला गांधारी, आणि खाली बाणकोटची खाडी. खाडीला भरती असली की वरच्या पुराला उतरायला वाट मिळत नाही. मग ते पाणी माणसांच्या घरात शिरते. २२ तारखेला उजाडले तेव्हा बाजारपेठेचे तळमजले बुडालेले होते. त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला. पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे येथे दरडी कोसळल्या. त्याआधी २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, कोंडिवते आणि रोहन या गावांनी हेच भोगले होते.

गेलेल्या माणसांची भरपाई कशानेही होत नाही. आज आम्ही लिहिणार आहोत ते एका पत्र्याच्या पेटीविषयी. पण त्या पेटीपायी आमच्या घरातले एक माणूस जाता जाता राहिले, म्हणून हा विषय आम्हाला क्षुल्लक वाटत नाही.

आमची आत्या महाडात एका चाळीच्या तळमजल्यावर राहते. त्या रात्री चाळीतल्या पोरांनी तिला हाताला धरून वर नेले. जिना अर्धा चढल्यावर ती थांबली. "अरे, माझी पेटी ऱ्हायली! दाखले हायत त्यात!" असे म्हणत ती परत चार पायऱ्या उतरली. पाणी तिच्या छातीला लागले होते. खालच्या बिऱ्हाडातल्या मुलाने तिला मागून कवेत धरून ओढले, म्हणून आज ती आम्हाला चहा करून देते आहे.

तिसऱ्या दिवशी पेटी उघडली. आत काय होते? सासऱ्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, नवऱ्याचे गिरणीतले ओळखपत्र, सातबाऱ्याचे जुने उतारे, लग्नाचे आठ फोटो, आणि तिच्या वडिलांनी विहारात म्हटलेल्या गाण्यांच्या दोन कॅसेट. सगळ्याचा एक राखाडी लगदा झाला होता. फोटोंवरचे चेहरे बोटाला लागून निघत होते.

एका कागदाचे मोल

कोणी म्हणेल, जुने कागद गेले तर गेले. पण आपल्या घरांत जुना कागद म्हणजे आठवणच नव्हे, ती पुढच्या पिढीची शिडी असते. १९९० साली केंद्राने कायद्यात दुरुस्ती केली आणि बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलतींचा हक्क मिळाला. तो हक्क प्रत्यक्ष हातात पडण्यासाठी मात्र जातीचा दाखला लागतो आणि मग त्याची पडताळणी. अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबांचा, पणजोबांचा. ज्या पिढीत शाळेची पायरी चढणेच अवघड होते, त्या पिढीतला एखादाच कागद घरात असतो, आणि त्यावर नातवंडांची सगळी रांग उभी असते.

आत्याच्या नातीला पुढे प्रवेशासाठी पडताळणी लागली, तेव्हा त्या लगद्याची खरी किंमत कळली. सासरे कोणत्या शाळेत होते ते ठाऊक होते; साल नक्की माहीत नव्हते, रजिस्टरचा नंबर तर कोणालाच नव्हता. नुसत्या नावावर जुनी रजिस्टरे शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई. हेलपाटे झाले, मुलीचे डोळे भरून येऊ लागले. शेवटी पोलादपूरच्या एका भाच्याच्या, काच फुटलेल्या जुन्या फोनमध्ये त्या दाखल्याचा एक फोटो निघाला. कधीतरी कशासाठी तरी त्याने तो काढला होता. फोटो तिरका, अर्ध्यावर अंगठ्याची सावली; पण नंबर वाचता आला. त्या नंबरावरून शाळेतून उतारा मिळाला आणि काम झाले.

आम्ही त्या दिवशी ठरवले, हे योगायोगावर सोडायचे नाही. महाडची पेटी बुडाली तरी पोलादपूरच्या फोनने वाचवली. मग तीच गोष्ट जाणूनबुजून, नीट का करू नये?

पेटी आपली, वाढपीही आपला

आमच्या घरात आता वहीच्या दोन गठ्ठ्यांएवढा एक लहान संगणक आहे. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. तो माडीवरच्या फळीवर बसतो. घरातल्या कोणत्याही फोनवरून त्याच्याकडे फोटो पाठवावा, कागद मागावा. इंग्रजीत अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हणजे काय, तर वाढपी. पंगतीत वाढपी जसा मागेल त्याला वाढतो, तसा हा. आपल्याला एवढे समजले की पुरे.

लोक विचारतात, "फोन आहे की, गूगल आहे की, मग हे कशाला?" फोन हरवतो, पाण्यात पडतो, दोन-चार वर्षांत बदलला जातो. इंटरनेटवरची फुकट जागाही कायमची नसते. गूगल फोटोजची फुकट अमर्याद जागा १ जून २०२१ पासून बंद झाली आणि त्यानंतरचे फोटो १५ जीबीच्या हिशेबात धरले जाऊ लागले. महापुराच्या जेमतेम सात आठवडे आधी! सरकारचे डिजिलॉकर २०१५ पासून आहे, ते अवश्य वापरावे. सरकारी खात्यांनी त्यात थेट दिलेली प्रमाणपत्रे मूळ कागदासारखीच मानली जातात. पण आजोबांचा हस्ताक्षरातला दाखला, आईच्या लग्नाचा फोटो, विहारातले गाणे तिथे कोण आणून ठेवणार? ते आपणच जपायचे.

कागद जपणे आपल्याला नवेही नाही. बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे केले, ते ग्रंथांना जागा मिळावी म्हणून. त्यांच्या मागे राहिलेली हस्तलिखिते कोणीतरी जपली, म्हणून राज्य शासनाने १९७९ पासून काढलेल्या खंडांत ती आपल्याला वाचायला मिळाली.

एक गंमत सांगतो. हार्ड डिस्क असलेले जगातले पहिले यंत्र आयबीएम कंपनीने सप्टेंबर १९५६ मध्ये जाहीर केले. पुढच्याच महिन्यात नागपूरचा धम्मदीक्षा सोहळा झाला. त्या यंत्रात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन एक टनाच्या वर, आणि त्यात मावत होती सुमारे ५० लाख अक्षरे. आज खिशात मावणाऱ्या १ टीबीच्या डिस्कमध्ये तशी दोन लाख यंत्रे मावतील. ज्या गोष्टी मोठमोठ्या कंपन्यांनाच परवडत होत्या, त्या आता चाळीतल्या खोलीत ठेवता येतात. मात्र नीट ठेवल्या तरच.

आमची पहिली फजिती

पहिल्या खेपेस आम्ही कंजुषी केली. पुतण्याच्या टाकाऊ संगणकातली जुनी डिस्क काढली, रस्त्यावरचा स्वस्त चार्जर लावला आणि मिशांवर ताव दिला. तिसऱ्या महिन्यात डिस्क टकटक करू लागली. आम्हाला वाटले पाल बोलते आहे. दोन दिवसांनी ती कायमची गप्प झाली आणि बुद्धपौर्णिमेचे सगळे फोटो गेले. म्हणून पुढचे लिहितो ते पोळलेल्या तोंडाने.

संगणक. मोठ्या कचेऱ्या काही वर्षे वापरून लहान आकाराचे डेस्कटॉप विकून टाकतात. ते बऱ्यापैकी मजबूत असतात आणि आपल्या कामाला ८ जीबी मेमरी भरपूर होते. घेण्यापूर्वी झाकण उघडून एवढेच पाहावे, की आत दोन डिस्क बसायला जागा आणि जोडायला जोडण्या आहेत ना. डिस्क बाहेर यूएसबीच्या वायरीने लटकत ठेवू नये. वायर जरा हलली की संबंध तुटतो. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक मिळतो, तोही चांगला. पण त्याची सगळी व्यवस्था बहुधा एका बारीक कार्डावर असते आणि सतत लिहून ते कार्ड झिजते. तो दुसऱ्या घरच्या प्रतीसाठी ठेवावा. ज्यांना जुळवाजुळव नको, त्यांच्यासाठी दोन डिस्कांच्या तयार पेट्याही मिळतात. त्या महाग पडतात एवढेच.

डिस्क. संगणक जुना चालेल, डिस्क नवीच घ्यावी. पैसे इथे घालावेत. पावती आणि वॉरंटी पाहून घ्यावी आणि दिवसरात्र चालण्यासाठी बनवलेली घ्यावी. दुकानदाराला एक प्रश्न अवश्य विचारावा: ही सीएमआर आहे की एसएमआर? एसएमआर डिस्कमध्ये माहितीच्या रेघा आपल्या घरावरच्या कौलांसारख्या एकीवर एक थोड्या चढवलेल्या असतात. जागा जास्त मिळते. पण मधले एक कौल बदलायचे तर वरची चार उचलावी लागतात, तसे तिथेही होते. बदल करताना ती अडखळते. जोडीने काम करणाऱ्या डिस्कांना हे मानवत नाही. २०२० साली एका मोठ्या कंपनीच्या घरगुती साठवणीसाठीच्या काही डिस्क अशा असल्याचे उघड झाले, तेव्हा जगभर ओरड झाली. आपण सीएमआरच मागावी.

किती मोठी घ्यावी? आम्ही हिशेब मांडला. पेटीतले दोनशे कागद स्पष्ट स्कॅन केले तरी अर्ध्या जीबीत बसतात. तासाभराची एक कॅसेट उत्तम दर्जात उतरवली तर सुमारे ६०० एमबी, म्हणजे दहा कॅसेटचे ६ जीबी. चार फोनांतले वीस हजार फोटो ८० जीबी. खरी जागा खातात ते व्हिडिओ. एका मिनिटाला सुमारे १०० एमबी धरा. एवढे सगळे धरूनही २ टीबी पुष्कळ झाली. दहा-बारा टीबीच्या नादी लागू नये. पाहुणे चार आणि भाकऱ्या चाळीस, असे होते ते.

डिस्क दोन का? कारण दोन्हींवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिला जातो. याला आरसापद्धत म्हणू. एक डिस्क मेली तरी दुसरी जागी असते. नवी आणून लावली की यंत्र स्वतःच तिच्यावर नक्कल उतरवते. दोन्ही डिस्क एकाच दिवशी एकाच खोक्यातून घेऊ नयेत; जुळ्या भावंडांसारख्या त्या एकदम आजारी पडण्याची भीती असते.

वीज. कोकणातला पाऊस आणि वीज यांचे जमत नाही, हे सांगायला नकोच. लिहिता लिहिता वीज गेली तर डिस्कवरचा मजकूर बिघडतो. म्हणून लहान यूपीएस हवाच, आणि तोही संगणकाला यूएसबी वायरीने जोडता येणारा. म्हणजे बॅटरी संपत आली की संगणक आपणहून नीट बंद होतो. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलावी लागते, ते आधीच धरून चालावे. घरातल्या विजेला अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून तपासून घ्यावे. वैशाखात वळीव गडगडू लागला की विजेचा प्लग काढावा आणि इंटरनेटची वायरही काढावी. वीज दोन्ही वाटांनी येते.

बिलाची चिंता नको. असे यंत्र साधारण ३० वॅट घेते. दिवसरात्र चालवले तर महिन्याला बावीसेक युनिट. आम्ही संध्याकाळी तीनच तास चालवतो, म्हणजे तीन युनिटही होत नाहीत.

जागा. चुलीचा धूर, भिंतीची ओल आणि उंदीर या तिघांपासून दूर. साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असते, त्यामुळे दमट हवा तिलाही बाधते. तळमजल्यावर तर कदापि ठेवू नये.

आतली व्यवस्था. यासाठी पैसे लागत नाहीत. ओपनमीडियाव्हॉल्ट नावाची व्यवस्था लिनक्सवर चालते आणि ती फुकट मिळते. घरात किंवा वाडीत कोणी आयटीआय वा डिप्लोमाचे मूल असेल तर त्याला एक रविवार द्या. आमचे यंत्र आमच्या पुतणीने लावले. आम्ही फक्त स्क्रू धरून उभे होतो. डिस्कची तब्येत दाखवणारी नोंद असते, तिला स्मार्ट म्हणतात. ती महिन्यातून एकदा पाहावी. बीपी तपासतो तसेच हे.

आरसा म्हणजे प्रत नव्हे

आता सर्वांत महत्त्वाचे. हे जर विसरलात तर वरचा सगळा खर्च वाया गेला असे समजा.

यंत्र लागल्यावर सहा महिन्यांनी घरातल्या एका लहानग्याने खेळता खेळता 'आजी' नावाचा अख्खा कप्पा पुसून टाकला. आम्ही हसलो, दुसरी डिस्क आहे की! पाहिले तर तिथेही नाही. आरशाचा धर्मच तो. तुम्ही डोळे मिटलेत की आरशातलाही मिटतो. पुसले ते दोन्हीकडे एकाच क्षणी पुसले गेले. चोरी झाली, आग लागली, पाणी चढले तर दोन्ही डिस्क एकाच पेटीत असल्याने एकदमच जातील. आरसा डिस्कच्या मरणापासून वाचवतो. माणसाच्या चुकीपासून आणि सावित्रीच्या पाण्यापासून नाही.

म्हणून जगभर एक साधा नियम सांगितला जातो: तीन प्रती, दोन तऱ्हेच्या वस्तूंवर, आणि त्यांतली एक प्रत दुसऱ्या गावी. पीटर क्रो नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने तो या शब्दांत मांडून प्रसिद्ध केला. आपल्या लोकांना हा नियम पाळणे फार सोपे आहे, कारण महाड-पोलादपूरच्या कोणत्या बौद्ध घराचे अर्धे माणूस मुंबईत नाही?

आम्ही खिशात मावणाऱ्या दोन डिस्क घेतल्या. एकीवर अ, दुसरीवर ब असे रंगाने लिहिले. एक नेहमी महाडात, एक नेहमी मुंबईला धाकट्या भावाच्या खोलीत. अदलाबदलीच्या तारखा वेगळ्या लक्षात ठेवाव्या लागत नाहीत. २० मार्चला मुंबईची मंडळी चवदार तळ्यावर येतात, तेव्हा ती आपली डिस्क आणतात आणि ताजी घेऊन जातात. मे महिन्यात गावी येतात, तेव्हा पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा एकदा. ६ डिसेंबरला आम्ही चैत्यभूमीला जातो, तेव्हा आमच्या पिशवीत चटणी-भाकरीबरोबर एक डिस्क असते. एसटीच्या तिकिटावर माहिती प्रवास करते, इंटरनेटचा खर्च शून्य.

डिस्क एसटीत राहिली तर? म्हणून तिला परवलीचा शब्द घालून कुलूपबंद करावी. आधार आणि बँकेचे कागद त्यात असतात. तो शब्द कागदावर लिहून दोन घरांत दोन जबाबदार माणसांकडे ठेवावा; एकट्या कर्त्या पुरुषाच्या डोक्यात ठेवू नये. माणूस गेल्यावर कुलूप राहते आणि किल्ली जाते, असे होऊ नये. घरातले यंत्र इंटरनेटवरून बाहेरच्यांना उघडे ठेवू नये. पुतणीने ते दार बंदच ठेवले आहे.

पुसलेले परत मिळावे म्हणून यंत्रात आठवड्याआठवड्याची जुनी प्रत राखण्याची सोय करता येते, ती चालू ठेवावी. आणि वर्षातून एकदा, आम्ही २० मार्चला करतो, मुंबईहून आलेल्या डिस्कमधले कोणतेही पाच कागद उघडून पाहावेत. उघडले तरच ती प्रत; नाहीतर नुसता डबा.

पेन ड्राइव्हवर विसंबू नये. एसएसडी नावाची नवी डिस्क वेगवान असते. पण ती वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवली तर तिच्यातले अक्षर उडू शकते.

पेटी भरताना

यंत्र लावणे एका रविवारचे काम. पेटी भरणे हे खरे काम, आणि ते आनंदाचे आहे. कागद उजेडात सपाट ठेवून सरळ वरून फोटो घ्यावा. दोन्ही बाजूंचा घ्यावा, कारण शिक्का बहुधा मागे असतो. नाव देताना साल आधी लिहावे: '१९४६ शाळा दाखला आजोबा'. मग सगळे आपोआप क्रमाने लागते. स्कॅन म्हणजे मूळ कागद नव्हे, कचेरीत मूळ मागितलाच जाईल. पण मूळ गेला तर नवा उतारा कुठून, कोणत्या नंबराने काढायचा, हे त्या स्कॅनवरून कळते. आत्याच्या नातीचे काम याच एका नंबराने झाले.

कॅसेट असतील तर त्यांना उशीर करू नका. फीत चिकटते, बुरशी येते. जुना टेपरेकॉर्डर, एक वायर, आणि ऑडॅसिटी नावाची फुकट सोय एवढे पुरते. कॅसेट जितका वेळ वाजते तितकाच वेळ लागतो, तेव्हा बाजूला बसून ऐकावे.

आणि फोटो उतरवताना म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवावे. फोटोत कोण आहे हे कोणतीही डिस्क सांगू शकत नाही. आम्ही पोलादपूरला मावशीकडे एक फोटो नेला. विहारासमोर उभी असलेली अकरा माणसे. आम्ही चौघांना ओळखत होतो. मावशीने अकराही नावे सांगितली, कोण कुठल्या गिरणीत होता तेही सांगितले, आणि शेवटच्या माणसावर बोट ठेवून बराच वेळ गप्प बसली. "हा माझा थोरला भाऊ. याचा दुसरा फोटो नाय," एवढेच म्हणाली. त्या फोटोच्या नावात आता अकरा नावे आहेत. पुढच्या पावसाळ्यात मावशी गेली.

ज्यांना एकट्याने परवडत नाही त्यांनी चार घरांनी मिळून एक यंत्र घ्यावे. प्रत्येक घराचा कप्पा वेगळा आणि त्याचा परवलीचा शब्दही वेगळा ठेवता येतो. आमच्या वाडीत तीन घरे आमच्यात आली आहेत. वर्गणी पुस्तकात लिहिलेली असते, हिशेब सर्वांसमोर.

आता शेवटचे. यंत्र लहान का असावे, असे आम्हाला एकाने विचारले. मोठे स्वस्तात मिळत होते. आम्ही म्हटले, पाणी वाढू लागले तर एका हातात आजी आणि दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत मावेल एवढेच यंत्र आपले. पण सवड नसेल तर ते तिथेच सोडून द्यायचे, क्षणभरही विचार करायचा नाही. डोंगर बोलू लागला, नदी चढू लागली की जीव घेऊन निघायचे. मुंबईच्या खोलीत दुसरी प्रत आहे. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप केला.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री पाणी चढत असल्याची बातमी आली. आम्ही आत्याकडे धावलो. ती आमच्या आधीच माडीवर जाऊन बसली होती. हातात गोळ्यांची पिशवी आणि पायांत चपला. "पेटी?" आम्ही विचारले. "तिला काय झालंय," आत्या म्हणाली, "ती विक्रोळीला हाय."

येत्या रविवारी पेटी उघडा. यंत्र होईल तेव्हा होईल. आधी आजोबांच्या दाखल्याचा एक स्वच्छ फोटो काढा आणि दुसऱ्या गावच्या भावाला पाठवून द्या.

जयभीम.